हरळीतला चेंडू

शाळेत चौथा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले, पर्समधून फोन काढला, तर आईचे लागोपाठ फोन येऊन गेलेले. शाळेच्या वेळात आई कधीच फोन करत नाही. पोरगी मास्तरीण आहे, तिचा तास मोडायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलेलं आहे. मी परत लावला. तिनं उचलला, पण बराच वेळ नुसते मागचे आवाज येत राहिले... बायकांचे, भांडं सरकवल्याचा, कुणीतरी कुणाला खाट बाहेर काढायला सांगत होतं. मग ती म्हणाली, "भास्कर गया, माय." भास्करमामा म्हणजे आईच्या पाठचा भाऊ. नेहमीसारखे सकाळी वावरात गेले होते, थोडा वेळ चेंडू मारले, काठ्या विहिरीच्या कडेला टेकवून ठेवल्या आणि ओट्यावर दम घ्यायला बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. साठीही झालेली नव्हती. धुळ्याहून नरडाण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसले तेव्हा मला रडू येत नव्हतं. एक वेडा विचार मात्र सारखा मनात येत होता, की ज्या माणसाला मी आयुष्यभर प्रश्न विचारत आले त्याला आता काही विचारता येणार नाही.

आमच्याकडे माणूस गेला की नातेवाईक दारावर येतात. सतरंजीवर बसतात, थोडा वेळ गप्प राहतात, मग हळूहळू बोलू लागतात. तिसऱ्या दिवशी पिंपळनेरकडचे एक लांबचे पाहुणे आले होते. ते आबांच्या शेजारी बसले. आबा म्हणजे मामांचे वडील, माझे आजोबा; आम्ही राहायचो ते आईच्या याच माहेरी. पंच्याऐंशीच्या पुढचे, पण ताठ. पाहुण्यांनी विचारलं, "पोऱ्या काय करे, आबा?" आबांऐवजी शेजारच्या हिलालभाऊंनी उत्तर दिलं, "गोल्फ खेळे." पाहुणे म्हणाले, "खेळे ते समजनं. पन करे काय?"

कुणी हसलं नाही. कारण हा प्रश्न आमच्या गावानं त्यांच्या उभ्या आयुष्यात दर वेळी नव्यानं विचारला होता. मामा व्यावसायिक गोल्फर होते. खूप वर्षं देशभरातल्या स्पर्धा खेळले. जिंकले एकही नाहीत, एकदा दुसरे आले. हे सगळं गावाला माहीत होतं, तरी प्रश्न संपत नव्हता. तो सगळ्यात जास्त ज्यांना पडला होता ते आबा मात्र तो कधी तोंडानं विचारत नसत. आणि मामांना दुसऱ्या कुणाच्याही उत्तराशी घेणंदेणं नव्हतं. हे काम आहे असं एकदा आबांनी म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मामा या खेळात शिरले ते एका गवतामुळे. हरळी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. दिसायला बारीक, नाजूक गवत, पण शेतात शिरलं की त्याच्यासारखा वैरी नाही. वर उपटलं तरी खाली मुळी धावत राहते. आबांचं कापसाचं वावर गावात सगळ्यात स्वच्छ, कारण नांगरट झाली की ते स्वतः ढेकळं फोडून हरळीच्या काड्या वेचत, बांधावर ढीग घालत आणि वाळल्या की जाळून टाकत. मामा दहावी नापास झाले आणि नरडाण्याहून गाडीत बसून सुरतेला गेले. कापडाच्या गिरणीतला आवाज त्यांना सोसेना. तिथे एक कंत्राटदार भेटला, तो मोठ्या मैदानांवर गवत लावून द्यायचा. पहिल्या दिवशी मुकादमानं मोठ्या अदबीनं गवताच्या लाद्या दाखवल्या आणि सांगितलं, जपून, हे खास गवत आहे. मामा खाली बसले, एक काडी हातात घेतली आणि त्यांना हसू आवरेना. ती हरळीच होती! जरा सुधारलेल्या जातीची, पण हरळीच. आबांनी ज्या गवताशी जन्मभर वैर केलं त्याला इथे माणसं पाणी घालत होती, यंत्रानं कापत होती, त्याच्यावर पाऊल टाकण्याआधी जोडे बदलत होती. मामा मला म्हणाले होते, "त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की जग आपल्या बांधाच्या पलीकडे उलटंसुद्धा असू शकतं."

ते मैदान गोल्फचं होतं. गवत लावता लावता मामा तिथेच राहिले, मग खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहू लागले, मग पहाटे मैदान रिकामं असताना कुणाच्या तरी टाकून दिलेल्या काठीनं मारू लागले. पुढे एका सदस्यानं त्यांचा हात पाहून जुना संच दिला. पहिल्यांदा घरी आले तेव्हा उत्साहानं आबांना गवताची गोष्ट सांगायला गेले. आबांनी बैलाच्या पाठीवरचा हात न काढता विचारलं, "येडा व्हयना का रे? मी जलमभर हरळी उपटी, आनि तू लावी राहिना?"

मला आठवतात तेव्हापासून मामा त्या लांब पिशवीसह आठवतात. नरडाणा स्टेशनवर उतरले की ती पिशवी पाहून लोक काहीतरी अंदाज बांधत. एकदा तर स्टेशनवरच्या पोलिसानं अडवलं. हिलालभाऊ बैलगाडी घेऊन त्यांना आणायला गेले होते, त्यामुळे ही हकीकत पुढे गावात कायमची राहिली. पोलीस म्हणाला, "काय आहे यात?" मामा म्हणाले, "काठ्या." त्यानं उघडून बघितलं. "एवढ्या? एका माणसाला एवढ्या काठ्या कशाला?" मामांच्या आधी हिलालभाऊच बोलले, "साहेब, ही काठीघाई दूर मारतस, ही काठीघाई जोगे मारतस, आनि ही चपटी शे ना, हिनाघाई नुसतं हात लावतस." पोलिसानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "मग जनावरं कुठे आहेत?" त्यानंतर कित्येक वर्षं, मामा गावात आले की पारावरून कुणीतरी हाक मारायचंच... "भास्करभाऊ, जनावरं सापडनात का?" मामा हसत हसत हात वर करायचे. आबा मात्र तेवढ्यात घरात निघून जायचे.

मला त्या काठ्यांचं विलक्षण कुतूहल होतं. मी शाळेतून आले की त्यांच्यापुढे बसायची आणि विचारत राहायची. चेंडूला खळगे का असतात? वारा समोरून असला तर काय करता? जिंकत नाही तर पुन्हा का जाता? मामा कधी कंटाळले नाहीत. ते अंगणात उकिडवे बसत, जमिनीवर तळहात टेकवत आणि सांगत, की मारायच्या आधी अर्धं काम हे असतं. जमीन कुठे उतरते, गवत कुठल्या दिशेला झोपलंय, दव आहे की वाळलंय... हे सगळं पाहून मग उभं राहायचं. त्यांच्याकडूनच मला कळलं, की चार दिवसांच्या स्पर्धेत पहिले दोन दिवस संपले की मागे राहिलेल्यांना घरी पाठवतात आणि त्यांना काहीच मिळत नाही. हे मी आईला सांगत असताना आबांनी ऐकलं. जेवता जेवता म्हणाले, "दोन रोज काम करं, आनि तिसरा रोजले हात हालवत घर धाडी दिन्हं. असं कोनतं काम ऱ्हास?" मामा ताटाकडे बघत होते. आबांचा प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी बारावी झाले तेव्हा पुढे शिकवायचं की नाही याची घरात चर्चा सुरू झाली. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजचं फाटकसुद्धा आतून पाहिलं नव्हतं. मामा त्या वेळी स्पर्धा सोडून घरी आले. आबांपुढे आणि माझ्या वडिलांपुढे बसले आणि म्हणाले, "मी जे करस ते तुम्हले समजस नही, ते ऱ्हाऊ द्या. ही जे करी ते बठ्ठासले समजी." मी जे करीन ते सगळ्यांना समजेल, या त्यांच्या एका वाक्यावर माझं कॉलेज ठरलं. मला धुळ्याला पोचवायला तेच आले. वसतिगृहाच्या दारात मला म्हणाले, "बोलताना घाबरू नको. चुकलीस तरी वाक्य पूर्ण कर." तेव्हापासून ते माझ्याशी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलू लागले, म्हणजे वर्गात मला कुणी हसू नये. आज मी वर्गात उभी राहून जे काही बोलते त्याचा पाया त्या एसटीतल्या प्रवासात आहे. हे ऋण आहे, आणि ते सांगायला हा लेख हे एक निमित्त आहे.

आता ती गोष्ट सांगते, जी गावात सगळ्यांना माहीत आहे आणि जी गावात कुणालाच नीट माहीत नव्हती.

या खेळात पुढच्या वर्षीच्या स्पर्धा खेळायच्या तर हातात परवाना लागतो. त्याला ते लोक कार्ड म्हणतात. मामा चाळिशीला आले होते, पाठ दुखू लागली होती आणि कार्ड हातातून गेलेलं होतं. ते परत मिळवण्याची एक मोठी स्पर्धा बेंगळुरूला होती. ही संधी गेली तर पुन्हा नाही, हे त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. योग असा, की त्याच दिवसांत आमच्या गावची बालाजीची यात्रा निघाली होती. खासगी बस ठरवून, दशम्यांचे डबे, शेंगदाण्याची चटणी आणि घोंगड्या घेऊन अख्खा मोहल्ला निघाला होता. आईनं आबांना न विचारताच ठरवून टाकलं, परतताना बस बेंगळुरूला थांबवायची. माझी परीक्षा होती म्हणून मी धुळ्यातच राहिले. याची हळहळ मला अजून आहे. त्यामुळे पुढचं सगळं मला वेगवेगळ्या तोंडून ऐकावं लागलं.

शेवटच्या दिवशी दुपारी ही मंडळी मैदानावर पोचली. आबांसह सगळ्या पुरुषांची डोकी बालाजीला केस देऊन तुळतुळीत झालेली, बायकांच्या डोक्यावर पदर, हातात प्रसादाच्या लाडवांच्या पिशव्या. मामांनी आधीच निरोप देऊन ठेवला होता, की बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खेळणाऱ्यावर सावली पडू द्यायची नाही. आई सांगते, "इतलं चूप ते आम्ही देवना गाभाऱ्यामा बी नव्हतूत." उन्हाचे दिवस होते. मंडळी एका झाडांच्या रांगेखाली बसली आणि हळूच डबे उघडले गेले. मामा तेव्हा कार्ड मिळण्याइतके पुढे होते. थोडेच होल, म्हणजे चेंडू घालायची भोकं, उरले होते. आणि त्यांचा एक चेंडू उजवीकडे वाहवत त्याच झाडांत आला.

आमच्या गावाची एक रीत आहे. कुणाची वस्तू पडलेली दिसली तर ओलांडून जायचं नाही. विळा असो, पैंजण असो, दुसऱ्याचं चुकलेलं वासरू असो, उचलायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. आबांनी ही रीत जन्मभर पाळली. चेंडू त्यांच्यापासून जवळच येऊन थांबला. ते उठले, तो उचलला, खांद्यावरच्या रुमालानं स्वच्छ पुसला आणि उघड्या तळहातावर ठेवून लांबून येणाऱ्या मुलाकडे चालू लागले. आई म्हणते, आबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिनं क्वचितच पाहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते मुलाच्या कामात काही मदत करत होते. "हाऊ ले," ते म्हणाले. "तुनाच शे ना? पडेल व्हता."

गावातली गोष्ट इथे संपते. आबांनी चेंडू उचलला, मामांना दंड झाला, कार्ड गेलं. हिलालभाऊंनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की लग्नकार्यात नवीन पाहुण्यांना ती ऐकवली जायची. लोक हसायचे, पण आबा हसत नसत. त्यानंतर ते मामांची एकही स्पर्धा पाहायला गेले नाहीत, आणि मामांच्याही फारशा उरल्या नव्हत्या. काही वर्षं त्यांनी कुठल्याशा क्लबात शिकवण्याचं काम केलं आणि मग मामीला घेऊन कायमचे गावी आले. विहिरीजवळचा पडीक तुकडा त्यांनी मागून घेतला आणि तिथे आबांच्या डोळ्यांदेखत हरळी लावली. बारीक कापलेली, हिरवीगार. आबा रोज वावरात जाताना त्या तुकड्याला वळसा घालून जायचे.

मला ती गोष्ट कधी पटली नाही. बी.एड. करत असताना मी कॉलेजच्या वाचनालयात एका जाड पुस्तकात गोल्फचे नियम शोधून काढले. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की प्रेक्षकानं चेंडू उचलला तर दंड नसतो. चेंडू होता तिथे परत ठेवायचा आणि खेळायचं. मग कार्ड गेलं कशानं? सुट्टीत गावी गेले आणि मामांना त्या हिरव्या तुकड्यावर गाठलं. ते गुडघे टेकून गवत कापत होते. मी विचारलं, "मामा, तिथे खरं काय झालं?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "तू विचारशील हे ठाऊक होतं. उशीरच केलास." मग त्यांनी सांगितलं. चेंडू नेमका कुठे होता ते फक्त आबांनी पाहिलं होतं. सोबत खेळणारे दोघं पार दुसऱ्या कडेला होते आणि बाकीची मंडळी दशम्यांत गुंतलेली. पंच धावत आले. त्यांना इंग्रजी आणि कानडी येत होतं, आबांना अहिराणी. मामांनी विचारलं, "आबा, कोठे व्हता हाऊ?" तोवर काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. हिलालभाऊ पत्त्यांचे पक्के खेळाडू, त्यांना डाव लगेच कळला. ते मागून पुटपुटले, "आबा, मोकळामा व्हता सांगी द्या." आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मुळीना मांगे व्हता. खड्डामा. पाचोळाखाल."

पंचांनी मामांना विचारलं, काय म्हणतात?

"त्या क्षणी त्यांची भाषा आणि पंचांची भाषा अशा दोन्ही कळणारा मी एकटाच होतो," मामा म्हणाले. मी विचारलं, "मग मनात काही आलं?" ते हसले. "आलं तर! येणार नाही? पण आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांचं बोलणं कसं सांगतो ते. म्हटलं, खड्ड्यात होता, मुळीच्या मागे. पंच म्हणाले, ठेवा तिथे." मला वाटलं, हीच ती गोष्ट. खरं बोलल्यामुळे मामा हरले. मी तसं म्हणाले. तर त्यांनी जोरात मान हलवली. "नाही गं. लोकांना अशी गोष्ट आवडते, म्हणून तूही तशी करू नको. त्या खड्ड्यातूनसुद्धा कार्ड मिळत होतं."

नियमात एक सोय असते. चेंडू मारण्यासारखा नसेल तर आपण होऊन एक फटका दंड घ्यायचा, चेंडू मोकळ्या जागी टाकायचा आणि पुढे खेळायचं. मामांनी तेवढं केलं असतं तर हिशेब जुळत होता. ते त्यांना तिथेच, उभ्या उभ्या, माहीत होतं. पण खोड उजव्या बाजूला होतं, म्हणजे नेहमीच्या हातानं मारता येत नव्हतं, आणि मामांना काठी उलटी धरून डाव्या हातानं मारण्याची एक अवघड तऱ्हा येत होती. सरावात दहादा जमली होती, स्पर्धेत कधी करून पाहिली नव्हती. "तिथे आबा उभे होते," मामा म्हणाले. "पहिल्यांदा. पुन्हा येतील का माहीत नव्हतं. मोकळ्या जागी चेंडू टाकून सरळ मारला असता तर त्यांना काय दिसलं असतं? म्हटलं, असं काही दाखवू की..." आणि त्यांनी काठी उलटी धरून मारलं. चेंडू उडाला, मुळीवर आदळला आणि परत त्यांच्याच पायाशी आला. मग पुन्हा तसाच मारला, तेव्हा जेमतेम झाडांबाहेर निघाला; पुढे जायला आणखी एक फटका लागला. कार्ड एका फटक्यानं गेलं.

"हे आबांना सांगितलं?" मी विचारलं. "दंड नव्हता हे शंभरदा सांगितलं. त्यांना वाटतं, मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगतो. आणि पुढचं... या वयात बापाला कसं सांगू, की तुम्ही बघत होता म्हणून मी चुकलो? लाज वाटते." कात्री उचलून ते पुन्हा गवत कापू लागले. कापता कापता म्हणाले, "मी असेपर्यंत तूही सांगू नको."

मामा होते तोवर मी सांगितलं नाही. आता ते गेल्यावर सुतक संपवणारी गंधमुक्ती झाली, पाहुणे परतले, घर एकदम रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना शोधत विहिरीकडे गेले. त्यांना हे माहीत असायला हवं असं मला फार वाटत होतं. म्हातारपणी, मुलाच्या पश्चात, आपल्या हातून त्याचं नुकसान झालं हे ओझं त्यांनी का वागवावं? आबा मामांच्या हिरव्या तुकड्याच्या कडेला बसले होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं... पुस्तकातला नियम, खड्ड्यातूनही मिळणारं कार्ड, डाव्या हाताचा फटका, आणि तो का मारला ते. बोलताना माझा आवाज फुटला, तरी वाक्य पूर्ण केलं.

आबा म्हणाले, "माले माहीत शे."

ते समोर बघत होते. "मोकळामा लेता येस हाई माले काय माहीत? पन उलटी काठी त्यानी कोनासाठे धरी, ते बापले समजस." मग म्हणाले, "पहिला चुकना. मी त्यानाकडेच देखी राहिंतू. खेळनारा चुकना ते हासस, नहीते काठी फेकस. तो आथातथा देखना नही. पाय दाबीसन परत उभा राहिना. असा ते काम करनारा उभा राहस. तव्हयच माले समजनं."

"मग त्यांना का नाही सांगितलं, आबा? ते त्याच एका शब्दासाठी..."

"मी जोगे जाऊ, तो दंडनं बोले. माले दंडनं बोलनं नव्हतं." आबा बोलायला जवळ गेले की मामा दंडाचंच समजावू लागत, आणि आबांना बोलायचं होतं ते वेगळंच. पडीक तुकड्याला रोज घातलेला तो वळसा मला तेव्हा वेगळाच दिसू लागला. हरळीचा राग म्हणून ते वळून जात असं आम्ही सगळे समजत होतो. कापलेल्या गवतावर जोड्यांसकट पाय पडू नये, म्हणूनही माणूस वळून जाऊ शकतो. यातलं खरं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रश्न माझ्यापाशीच राहिला.

उठताना मला तो दिसला. हिरव्या तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला, गवतात अर्धा बुडालेला पांढरा चेंडू. मामांनी त्या सकाळी मारलेला शेवटचा. बाकीचे त्यांनी गोळा करून पिशवीत भरले होते, एवढा राहिला होता. आठवण म्हणून धुळ्याला न्यावा असं मनात आलं. मी वाकले, हात पुढे केला.

"हात लावू नको," आबा म्हणाले. "पडेल शे तठेच ऱ्हाऊ दे."

मी हात मागे घेतला. पडलेली कुठलीही वस्तू कधी ओलांडून न गेलेला माणूस मला हे सांगत होता. मग ते सावकाश पुढे झाले, जोडे कडेला काढून ठेवले आणि अनवाणी त्या गवतावर उकिडवे बसले. मामांच्या पश्चात कुणी तिकडे पाहिलं नव्हतं, त्यामुळे मधेमधे गाजरगवताचे कोंब वर आले होते. आबांनी दोन बोटांनी एक कोंब मुळासकट उपटला, माती झटकली आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. जन्मभर कापसातून हरळी वेचणारे त्यांचे हात आता हरळीतून बाकीचं सगळं वेचत होते. निंदत निंदत ते चेंडूपर्यंत आले, त्याच्या भोवतालचे कोंब काढले आणि तो जराही न हलवता पुढे सरकले.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला होता, शाळा सुटल्यावर. आबा रोज सकाळी तिथे जातात म्हणाली. चेंडू अजून तिथेच आहे.